सुपरवायझर आणि टीम लीड: कोणाचं काम कुठे संपतं? नागपुरातून नेहमी येणारे प्रश्न

हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत मी अठरा वर्षं काढली. आधी ऑपरेटर, मग लाइन लीडर, मग शिफ्ट सुपरवायझर. आता नवीन बढती मिळालेल्या मुलामुलींना शिकवतो. वर्गात, चहाच्या टपरीवर आणि रात्री फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

सुपरवायझर आणि टीम लीड यांच्यात नेमका फरक काय?

टीम लीड काम पुढे नेतो. त्या कामाचा आणि माणसांचा जाब सुपरवायझरला द्यावा लागतो. टीम लीड बहुतेक वेळा स्वतःही काम करत असतो. मशीनवर उभा असतो, कोड लिहितो, कॉल घेतो आणि सोबत सहा-आठ जणांना सांभाळतो. सुपरवायझरचं मुख्य काम देखरेखीचं असतं.

मी वर्गात एकच खूण सांगतो: सही कोणाची चालते ते पाहा. मस्टरवर, ओव्हरटाइमच्या चिठ्ठीवर, गेटपासवर, अपघाताच्या नोंदीवर ज्याची सही चालते तो सुपरवायझर. अडचण आली की माणसं ज्याच्याकडे आधी धावतात, पण ज्याच्या सहीवर कोणाला तासभर आधी घरी सोडता येत नाही, तो टीम लीड. पदाचं नाव काहीही असो, सही खोटं बोलत नाही.

पण ही दोन पदं वेगळी हवीत कशाला? एकाच माणसाकडे सगळं दिलं तर काम सोपं नाही का होणार?

हा प्रयोग आपल्याच शहरात होऊन गेलाय. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्या काळच्या भारतातल्या कापड गिरण्यांत ‘जॉबर’ नावाचा माणूस असायचा. कामगार तोच आणायचा, काम तोच वाटायचा, रजा आणि बदली त्याच्याच हातात, आणि अडल्यानडल्याला उसने पैसेही बऱ्याचदा तोच द्यायचा. म्हणजे टीम लीड, सुपरवायझर, भरती अधिकारी आणि सावकार, चारही एकाच अंगात.

परिणाम व्हायचा तोच झाला. नोकरी टिकवायला जॉबरला दस्तुरी, म्हणजे लाचवजा कमिशन, द्यावी लागायची आणि वर दाद मागायला जागाच नव्हती. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरकडून भरतीचा अधिकार काढून घ्यावा अशी शिफारस केली. म्हणून कोणी मला म्हणालं की ‘आमच्याकडे टीम लीडच सगळं बघतो, मस्त चाललंय’, की मी विचारतो, टीम लीडविरुद्ध तक्रार असेल तर माणूस जातो कुठे? यावर उत्तर आलं नाही, तर जॉबर अजून जिवंत आहे असं समजा.

कायद्यात ‘टीम लीड’ असं पद आहे का?

नाही. कायदा ‘कामगार’ आणि ‘देखरेखीचं काम करणारा’ असा भेद करतो. ‘टीम लीड’, ‘लाइन लीडर’, ‘सिनियर असोसिएट’ ही कंपन्यांनी ठेवलेली नावं आहेत.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार, देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार ठरावीक मर्यादेपुढे गेला की तो ‘कामगार’ या व्याख्येतून, म्हणजे या कायद्याच्या संरक्षणातून, बाहेर पडायचा. २०१० च्या दुरुस्तीने ही मर्यादा महिना १०,००० रुपये झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि मर्यादा १८,००० रुपयांवर गेली. प्रामुख्याने व्यवस्थापनाचं काम करणारा माणूस पगार कितीही असला तरी या व्याख्येत येत नाही.

यातली मेख नीट समजून घ्या. १८,००० ची अट फक्त देखरेख करणाऱ्याला आहे. तुम्ही मुख्यतः हाताचं, तांत्रिक किंवा कारकुनी काम करत असाल, तर पगार ३५,००० असला तरी केवळ पगारामुळे तुम्ही व्याख्येबाहेर जात नाही. म्हणूनच खरा टीम लीड आणि खरा सुपरवायझर यांच्यातला फरक पुढे कामावरून काढण्याची वेळ आली, वाद झाला, की फार महाग पडतो. आणि इथे पगार म्हणजे सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च, नव्हे. संहितेत वेतनाची स्वतःची व्याख्या आहे, त्यात काही भत्ते वगळले जातात आणि वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर वरचा भाग परत वेतनात धरला जातो.

माझ्या ऑफर लेटरवर ‘सुपरवायझर’ लिहिलंय, पण मी दिवसभर मशीनच चालवतो. मग मी कोण?

तुम्ही जे काम करता ते. पदनाम बघून निकाल लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. १९७० च्या आनंद बझार पत्रिका खटल्यातल्या कर्मचाऱ्याच्या हाताखाली कारकून होते, तरी त्याचं मुख्य काम कारकुनीचंच आहे असं ठरलं. १९८५ च्या सिबा गायगी खटल्यातही मुख्य कर्तव्य कोणतं, हाच प्रश्न निर्णायक ठरला. मुख्य कामाला चिकटून थोडीफार देखरेख केली म्हणून माणूस सुपरवायझर होत नाही.

आपल्याकडे मात्र उलटी चाल दिसते. ओव्हरटाइमचे पैसे वाचवायचे म्हणून ऑपरेटरला ‘ज्युनियर सुपरवायझर’ करतात, पगारात हजार-दीड हजार वाढवतात आणि मुलगा घरी पेढे वाटतो. मला त्या पेढ्यांचं वाईट वाटतं. ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दराच्या दुप्पट असतो, महिन्याला चाळीस तास जास्त काम करणाऱ्याचा तोटा वाढीपेक्षा कितीतरी मोठा होतो. बढतीचं पत्र हातात आलं की आधी विचारा: माझा ओव्हरटाइम सुरू राहणार की बंद?

सुट्टी कोण मंजूर करतो?

सुपरवायझर किंवा त्याच्या वरचा. टीम लीडने फक्त सांगायचं असतं की त्या दिवशी त्या माणसाशिवाय लाइनचं काम निघेल की नाही. ‘जा रे, मी बघतो’ असं तोंडी सांगणारा टीम लीड मनाने चांगला असतो, पण महिनाअखेरीस त्या पोराची बिनपगारी लागते.

एखादा सारखा उशिरा येतो. बोलायचं कोणी, कारवाई करायची कोणी?

बोलायचं टीम लीडने, आणि पहिल्यांदा बाजूला घेऊन. ‘काऊन भाऊ, तीन दिवस झाले, सातच्या पाळीला साडेसातला येऊन राहिला तू. घरी काही आहे का?’ एवढं पुरतं. बऱ्याचदा कारण खरंच असतं: कळमेश्वरकडून येणारी बस चुकते, आई मेडिकलला भरती असते, नाहीतर दुसरीकडेही काम चालू असतं. टीम लीडला हे कळतं कारण तो रोज त्याच्यासोबत डबा खातो. सुपरवायझरला हे कळेपर्यंत मेमो टाइप झालेला असतो.

पण बोलून फरक पडला नाही, तर पुढचा रस्ता टीम लीडचा नाही. लेखी ताकीद, कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र आणि खात्यांतर्गत चौकशी ही पायरी सुपरवायझर आणि एचआर यांची. त्यातही तक्रार करणाराच चौकशी अधिकारी होऊ शकत नाही, हे नैसर्गिक न्यायाचं साधं तत्त्व आहे. टीम लीड या चौकशीत बहुतेक वेळा साक्षीदार असतो. म्हणून माझं सांगणं एकच, वही ठेवा. तारीख, वेळ, काय घडलं, तुम्ही काय बोललात. ‘तो नेहमीच असा करतो’ ही साक्ष उलटतपासणीत दोन मिनिटं टिकत नाही. ‘४ तारखेला ७.३५ ला आला, ९ तारखेला ७.५० ला’ ही टिकते.

आणि एक. टीम लीडने कधीही ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणू नये. तो अधिकार त्याचा नसतो, पण माणूस मात्र खरंच येणं बंद करतो. मग गैरहजर राहिला की काढून टाकला, यावर वर्षानुवर्षं केस चालते.

अपघात झाला तर जबाबदार कोण?

हा प्रश्न मी स्वतःच्या अंगावर घेतलाय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. एका कारखान्यात मी प्रेस शॉपचा लाइन लीडर होतो. एका प्रेसचा सेन्सर सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून कोणीतरी तो बायपास केला. मला दिसलं. मी सुपरवायझरला तोंडी सांगितलं. ते म्हणाले, ‘डिस्पॅच होऊ दे, मग बघू.’ मशीन थांबवायचा अधिकार मला आहे की नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. दुपारी एका मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत सुपरवायझर म्हणाले, मला कळवलं नव्हतं. माझ्याकडे कागद नव्हता. त्या मुलाला मी अजून भेटतो. डाव्या हाताने चहा घेतो तो.

त्या दिवसापासून मी एकच मागणी करत आलोय: मशीन थांबवण्याचा अधिकार टीम लीडला लेखी द्या. जपानच्या टोयोटामध्ये लाइनवरचा कुठलाही कामगार दोरी ओढून मदत मागतो, टीम लीडर सगळ्यात आधी तिथे पोचतो आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. थांबवलं म्हणून कोणाला बोलणी बसत नाहीत. धोका आधी टीम लीडला दिसतो. थांबवायला मात्र त्याने सुपरवायझरला शोधत फिरायचं, यातच बोटं जातात.

थांबवल्यानंतरची नोंद, दुरुस्तीचा परवाना, पुन्हा सुरू करायची परवानगी आणि अपघात झालाच तर कारखाना निरीक्षकांना कळवण्यासाठीची माहिती हे सुपरवायझर आणि त्याच्या वरच्यांचं काम. टीम लीडने तोंडी सांगितलेलं लगेच लेखी करावं. व्हॉट्सअ‍ॅपचा एक मेसेजही चालतो, त्यावर वेळ असते.

खाणीतही असंच असतं का?

खाणीत हे खूप स्पष्ट आहे आणि बाकीच्यांनी तिथून शिकावं असं मला वाटतं. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात आहे, सावनेर, सिलेवाडा, उमरेड भागात तिच्या खाणी आहेत. तिथे माइनिंग सरदार आणि ओव्हरमन ही पदं कंपनीने मनाने ठेवलेली नाहीत, कोळसा खाण विनियमांनी ठरवलेली आहेत. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं सक्षमता प्रमाणपत्र असल्याशिवाय त्या खुर्चीवर बसता येत नाही. सोबत गॅस टेस्टिंग आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्रही लागतं.

पाळी सुरू होण्याआधी सरदार आपला भाग फिरून छत, वायू, हवा तपासतो आणि अहवाल लिहून सही करतो. धोका वाटला तर माणसं बाहेर काढायचा अधिकार त्याचाच. त्याच्या वर ओव्हरमन. अनुभवी खाणकामगार गटात कितीही मानाचा असला, सगळे त्याला ‘दादा’ म्हणत असले, तरी ती सही त्याला करता येत नाही. सरदारावर वैयक्तिक जबाबदारी आहे, पण त्या जबाबदारीइतकाच अधिकारही त्याच्या हातात दिलेला आहे. कारखान्यांत आपण जबाबदारी देतो आणि अधिकार द्यायला विसरतो.

मे महिन्यात विश्रांतीची वेळ कोणी ठरवायची?

नागपुरात हा प्रश्न कागदावरचा नाही. पारा ४५ अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या शेडखाली आणखी वाढतो. पाळीच्या वेळा बदलणं, दुपारचं बाहेरचं काम बंद ठेवणं, पाणी, ताक, ओआरएसची सोय हे सुपरवायझरने वरून मंजूर करून घ्यावं, आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच. महापालिकेचा उष्माघात कृती आराखडा असतो, त्यातले इशारे रोज पाहणं हेही त्याचंच काम.

टीम लीडचं काम नजरेचं. कोण कालपासून गप्प आहे, कोण बडबडतोय, कोणाला घाम यायचा थांबला, कोण सळाख उचलताना डगमगतोय. असा माणूस दिसला की परवानगीची वाट बघायची नाही. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारून वारा घालायचा आणि १०८ ला फोन लावायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात आयटी कंपनीत आहे. आमच्याकडे सुपरवायझर नावाचं कोणी नाहीच. मग?

नाव नाही, काम आहे. तुमच्या टीम लीडकडे कामाची वाटणी, कोड बघणं, नव्यांना शिकवणं, क्लायंटच्या कॉलवर बाजू मांडणं असतं. रजा, अप्रेझल, पगारवाढ ‘रिपोर्टिंग मॅनेजर’कडे जाते. सुपरवायझरची सही तिथे गेली. गोंधळ होतो तो अप्रेझलच्या वेळी: टीम लीडने वर्षभर ‘तुझं मस्त चाललंय’ म्हटलेलं असतं आणि मॅनेजर, ज्याने वर्षात दोनदा तोंड पाहिलं, तो सरासरी रेटिंग देतो. टीम लीडने आपलं मत दर तिमाहीला मॅनेजरला लेखी पाठवावं. त्याशिवाय त्या कौतुकाला काही किंमत नाही.

कॉल सेंटरमध्ये मात्र नाव ‘टीम लीड’ आणि काम जवळपास सुपरवायझरचं असतं: लॉगिनची हजेरी, ब्रेक, रोस्टर, कॉल ऐकून गुण देणं, ताकीद. तिथे सहीची खूण लावून पाहा, लगेच कळेल.

टीममध्ये ठेकेदाराची माणसं आहेत. त्यांना मी थेट काम सांगू शकतो का?

काम कुठलं आणि कसं हवं, ते सांगा. सुरक्षेसाठी तर कोणालाही थांबवा. पण त्यांची हजेरी, रजा, शिक्षा, बदली यांत हात घालू नका. त्यासाठी ठेकेदाराचा सुपरवायझर असतो, किंवा असायला हवा. २०१४ च्या एअर इंडिया कॅन्टीन कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाहायचे मुद्दे सांगितलेत: नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, काढून कोण टाकू शकतं, शिस्तीची कारवाई कोण करतं, सेवा सलग आहे का आणि नियंत्रण व देखरेख किती आहे.

माझ्या मनात इथे कंपनीपेक्षा त्या माणसांची काळजी जास्त आहे. ठेकेदाराचा सुपरवायझर साइटवर फिरकतच नाही, आणि मग त्यांच्या पीएफपासून बुटांपर्यंत कोणीच वाली नसतो. टीम लीडने हे रोजच्या रोज आपल्या सुपरवायझरच्या कानावर घालावं.

एका मुलीने लैंगिक छळाची तक्रार मला, टीम लीडला, सांगितली. मी काय करू?

ऐका, विश्वास ठेवा आणि समेट घडवायला जाऊ नका. ‘मी त्याला समजावतो’ हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिला समितीचं नाव-फोन द्या, घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, हे सांगा. लिहायला मदत हवी असेल तर करा. चौकशी ना तुमचं काम, ना सुपरवायझरचं. सुपरवायझरने मात्र तिची पाळी किंवा जागा बदलण्यासारखी मदत समितीच्या सांगण्यावरून ताबडतोब करायची. बाकी कोणाशीही, घरीसुद्धा, यावर बोलू नका.

कालपर्यंतचे मित्रच आता माझ्या टीममध्ये आहेत. कसं वागू?

पहिल्या आठवड्यात कडक व्हायचा मोह होतो. नका होऊ. ‘बे’ म्हणणाऱ्याने ‘सर’ म्हणावं अशी अपेक्षाही नको. पण दोन गोष्टी लगेच बदला. एक, जड काम आणि रात्रपाळी वाटताना मित्राचं नाव शेवटी येऊ देऊ नका, टीम तेच बघत असते. दोन, वरून कानावर आलेलं, कोणाला काढणार, कोणाचा पगार किती, हे सावजीच्या टेबलावर बाहेर काढू नका. मैत्री तुटली तर याच दोन कारणांनी तुटते. काम सांगितल्यामुळे नाही.

सुपरवायझर होताना मात्र अंतर पडतंच. ज्याच्या मेमोवर तुमची सही आहे त्याच्याशी संध्याकाळी पूर्वीसारखं बसता येत नाही. मला ते दोन वर्षं जड गेलं.

चांगला टीम लीड चांगला सुपरवायझर होतोच का?

नाही. हाताला कला असलेला माणूस कागदावर अडखळतो, आणि कधी त्याला मशीन सोडून टेबलावर बसायचंच नसतं. त्याला तिथेच राहू देऊन पगार वाढवायची सोय कंपन्यांनी करावी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी तीन छोटे अभ्यासक्रम काढले होते: काम शिकवणं, कामाची पद्धत सुधारणं, माणसांशी संबंध सांभाळणं. आजही मी याच क्रमाने शिकवतो. पहिलं जमलं की टीम लीड, तिन्ही जमली आणि नियमांचा कागद वाचता आला की सुपरवायझर.

बढतीच्या पत्रात जबाबदाऱ्या लिहिलेल्याच नाहीत. काय करू?

नव्या कामगार संहितांनुसार नेमणुकीचं पत्र प्रत्येकाला मिळायला हवं, पण त्यात कामाचा तपशील बहुतेक वेळा मोघमच असतो. भांडू नका. पद घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात एचआर आणि वरिष्ठांना एक साधा ईमेल पाठवा. मी विद्यार्थ्यांना हा मजकूर देतो:

‘महोदय, १ तारखेपासून मी टीम लीड म्हणून काम पाहत आहे. माझ्या समजुतीप्रमाणे कामाची वाटणी, नव्यांना शिकवणं आणि रोजचा उत्पादन अहवाल माझ्याकडे आहे. हजेरी, रजा, ओव्हरटाइमची मंजुरी आणि शिस्तीची कारवाई शिफ्ट सुपरवायझरकडे आहे. धोका दिसल्यास मशीन थांबवून लगेच कळवण्याचा अधिकार मला आहे. माझा ओव्हरटाइम पूर्वीप्रमाणे सुरू राहील. यात काही बदल असल्यास कृपया कळवावे.’

उत्तर आलं तर प्रिंट काढून ठेवा. नाही आलं, तर पाठवलेल्या मेलची प्रिंट काढून ठेवा.